झेलता येण्याजोगा

शनिवारी दुपारी अनयनं मैदानात जे केलं ते नेमकं काय होतं, हे त्या स्टेडियममधल्या दोन-अडीच हजार माणसांपैकी दोघांनाच कळलं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची आई. मंजुषानं ते पाहिलं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला तिनं त्यातलं अवाक्षरही सांगितलं नाही.

तर झालं असं. मिशिगनमधल्या नोव्हायहून गाडीनं अडीच तासांवर एक छोटंसं कॉलेज आहे. अनय तिथे चौथ्या वर्षाला आणि चारही वर्षं तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात. संघात म्हणजे काय, तर आठवडाभर सराव करायचा, आपल्याच पोरांचे धक्के खायचे आणि शनिवारी सामना सुरू झाला की हेल्मेट काखेत धरून कडेला उभं राहायचं. मंजुषा आणि श्रीरंग दर शनिवारी जाऊन-येऊन पाच तास गाडी चालवून आपला मुलगा उभा राहिलेला बघून येत. लोकांची मुलं निवडणुकीला उभी राहतात, यांचा नुसताच. पण या नोव्हेंबरात नेहमीच्या पोराचा खांदा निखळला आणि अनयला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं.

त्याची जागा कॉर्नरबॅकची. नाव भारदस्त, काम एकच: समोरच्या संघातला जो गडी बॉल झेलायला पळत सुटतो, त्याला एकटं सोडायचं नाही. अनयनं त्या दिवशी सोडलं नाही. शेवटची अडतीस सेकंदं उरली, अनयचा संघ चार गुणांनी पुढे आणि समोरच्यांची अखेरची संधी. त्यांच्या पोरानं बॉल उंच फेकला, पार मैदानाच्या कोपऱ्यात. झेलणारा सव्वासहा फुटी गडी पळतोय, अनय त्याला चिकटून पळतोय, बॉल हवेत, आणि तेवढ्यात अनयचा बूट त्याच्या पायावर पडला.

पाय लागला. आता मला सांगा, पाय लागल्यावर मराठी घरात वाढलेलं पोर काय करतं? अनयनं उजवा हात पुढे केला, त्या गड्याच्या कोपराला लावला आणि तोच हात आपल्या छातीला लावला. पळता पळता! बॉल दोघांच्या डोक्यांवरून गेला आणि मागच्या रेषेपलीकडे पडला. अनयचा संघ जिंकलो म्हणून ओरडत मैदानात घुसला, आणि मग सगळ्यांना गवतावर पडलेला पिवळा रुमाल दिसला.

पंचानं रुमाल टाकला होता तो पास इंटरफिअरन्सचा. म्हणजे बॉल हवेत असताना झेलणाऱ्याला अडवलं. शिक्षा म्हणजे समोरचे पंधरा यार्ड पुढे येणार, वर त्यांना नव्यानं संधी. पुढच्याच फेकीवर त्यांनी गुण केले आणि सामना हातचा गेला. गंमत अशी की पळताना चुकून पायात पाय अडकला, तर या खेळात त्याला शिक्षा नाही. अनयचा पाय लागला तो माफ होता. माफी मागितली तिचे पंधरा यार्ड पडले.

कोच फार बोलला नाही. “सोमवारी फिल्म बघू,” एवढंच म्हणाला. त्याची पद्धत ठरलेली. सोमवारी तीन वाजता सगळा संघ अंधाऱ्या खोलीत बसतो, पडद्यावर चित्रफीत लागते आणि ज्यानं घोळ घातला त्यानं उठून सगळ्यांसमोर सांगायचं की आपण काय केलं आणि का केलं. मग कोच पुढच्या शनिवारची यादी दारावर लावतो. आणि पुढचा शनिवार साधासुधा नव्हता. हंगामातला शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, आणि अनयच्या आयुष्यातलाही शेवटचाच. त्यानंतर तो फिजिओथेरपी शिकायला जाणार होता. त्या यादीत सुरुवातीला खेळणाऱ्यांत त्याचं नाव असणार, की चार वर्षांच्या शेवटी पुन्हा हेल्मेट काखेत, हे सोमवारी ठरायचं होतं.

मंजुषाला रात्रभर झोप आली नाही. कारण हे वळण तिनंच लावलं होतं. अनय दोन वर्षांचा असल्यापासून. पुस्तकाला पाय लागला, “नमस्कार कर.” बाबांना पाय लागला, “नमस्कार कर.” कारमध्ये मागच्या सीटवरून पुढच्या सीटला लाथ मारली, “काय लागलं? पाय ना? मग?” पोर इतकं तयार झालं की शेजारच्यांच्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तरी वाकून त्याला नमस्कार करायचं. बालवाडीच्या बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवली होती: आपला मुलगा इतर मुलांना हात लावतो आणि मग स्वतःच्या छातीला लावतो, यामागे काही विशेष आहे का? तेव्हा मंजुषानं ती चिठ्ठी कौतुकानं सासरी-माहेरी सगळ्यांना वाचून दाखवली होती. आता तिला ते कौतुक बोचत होतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात चंदूकाका. एका काखेत लॅपटॉप, दुसऱ्या काखेत स्पायरल बाइंडिंग केलेलं नियमांचं बाड.

चंदूकाकांचं खरं नाव चंद्रशेखर, पण ते सबंध नोव्हायमध्ये कोणाच्या लक्षात नाही. मूळ सांगलीचे, इथे चव्वेचाळीस वर्षं. गाडीतली एअरबॅग किती मिलिसेकंदांत फुगावी हे ठरवण्यात हयात गेली. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, काकांनी कॉलेज फुटबॉलच्या नियमांचा अभ्यास धरला. सामना बघताना ते खेळाडूंकडे बघतच नाहीत, पंचांकडे बघतात. अनयची चित्रफीत शनिवारी संध्याकाळीच मराठी मंडळाच्या ग्रुपवर आली होती आणि तिच्याखाली काकांचे सत्तेचाळीस मेसेज होते.

“मंजुषा, चहा टाक. पोराला सोडवायचंय,” काका आत येत म्हणाले. “कुठाय तो?”

“झोपलाय वर. पहाटेच निघून आला, कपड्यांची बास्केट टाकली आणि झोपला. बोललासुद्धा नाही.”

“झोपू दे. त्याची गरज नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी जेवणाच्या टेबलावर बाड उघडलं, चष्मा पुसला आणि ते कोर्टात उभे राहिल्यासारखे बोलायला लागले.

“ऐका. नुसता स्पर्श झाला म्हणून गुन्हा होत नाही. दोन गोष्टी लागतात. एक, अडवण्याचा उद्देश उघड दिसला पाहिजे. दोन, बॉल झेलता येण्याजोगा असला पाहिजे. बॉल अनकॅचेबल असेल तर इंटरफिअरन्सच नाही. संपलं! रुमाल उचला आणि खिशात घाला.”

“उद्देश उघड होता की,” श्रीरंग चहाचा कप घेऊन येत म्हणाला. श्रीरंग ब्रेक डिझाइन करतो, आणि कोणी वेगानं बोलायला लागलं की त्याला ते थांबवावंसं वाटतं. “हातानं कोपर धरलं त्यानं. मला स्वच्छ दिसलं.”

“धरलं नाही, लावलं!” मंजुषा एकदम बोलून गेली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. तिनं घाईघाईनं साखरेचा डबा उचलला. खरं सांगायचं तर त्याच क्षणी ती सगळं मोकळं करू शकली असती. उद्देश अडवण्याचा नव्हताच, माफी मागण्याचा होता, असं म्हटलं असतं तर नियमाच्या हिशेबानं अनय तिथल्या तिथे सुटला असता. पण नियमातून सुटून करायचं काय? उद्या ऐंशी पोरांसमोर हा उठून सांगणार की बॉल डोक्यावर असताना मी नमस्कार करत होतो, आणि कोच ऐकणार, आणि अशा पोराला शेवटच्या सामन्यात उतरवणार? देवाचं नाव घ्या. तिनं तोंड मिटलं आणि मनातल्या मनात एकच जप सुरू केला: बॉल अनकॅचेबल असू दे. बॉल अनकॅचेबल असला की हातानं काय केलं हे कोणी विचारणार नव्हतं.

काकांनी चित्रफितीतला एक क्षण गोठवला. “हे बघा. मागे गोलपोस्ट दिसतोय. त्याची आडवी दांडी जमिनीपासून बरोबर दहा फूट. त्यावरून मी हिशेब केला. बॉल त्या गड्याच्या डोक्यावरून गेला तेव्हा अकरा फूट चार इंचांवर होता. त्याचा हात वर केला की पोचतो सव्वाआठ फुटांवर. उडी अडीच फूट धरली. दहा फूट नऊ इंच. सात इंच कमी पडतात, श्रीरंग! सात इंच!”

“कॅमेरा कुठाय, काका? प्रेक्षकांच्या वर, तिरका. तुमच्या मोजमापात फूटभर इकडे-तिकडे सहज होईल.”

“अर्धा फूट.”

“बरं, आठ इंच. म्हणजे शंका आहे की नाही?”

श्रीरंगनं त्यांच्याच बाडातली पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “शंका असेल तर बॉल झेलता येण्याजोगाच मानावा. तुम्हीच पिवळ्या पेननं रंगवलंय.”

“अरे, तू बाप आहेस की पंच?” मंजुषा भडकली. “स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध बोलतोस? दुसरा असता तर खोटीसुद्धा मोजमापं काढली असती!”

“मी विरुद्ध बोलत नाहीये. नियम बोलतोय.”

“नियम गेला खड्ड्यात!”

“खड्ड्यात कसा जाईल?” आता काकाही दुखावले. नियमाला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. “प्रयोग करू. तुमच्या ड्राइव्हवेवर बास्केटबॉलची रिंग आहे ना? तीसुद्धा दहा फूट. चला बाहेर.”

आता नोव्हेंबरातला मिशिगनचा रविवार, तापमान तीन डिग्री, आणि तीन सुशिक्षित माणसं ड्राइव्हवेवर. चंदूकाकांनी स्टूलवर उभं राहून रिंगच्या बोर्डाला टेपनं फरशी पुसायचा मॉप बांधला, दांडा वर. दांड्याचं टोक अकरा फूट चार इंच. श्रीरंग झेलणारा गडी. काका स्टूलवरून उतरून अनय झाले. आणि बॉल कोणी फेकायचा, तर उरली मंजुषा. तिनं आयुष्यात लिंबाशिवाय काही फेकलेलं नव्हतं, तेही श्रीरंगला, आणि एकदाच.

“दांड्याच्या टोकावरून फेक,” काका ओरडले. “अलगद!”

अलगद फेकायच्या मनःस्थितीत ती नव्हती. रात्रभराचा सगळा राग तिच्या खांद्यात गोळा झाला होता. स्वतःवरचा, त्या रुमालवाल्या पंचावरचा आणि सगळ्यात जास्त समोरून डुलत डुलत पळत येणाऱ्या नवऱ्यावरचा. तिनं असा काही बॉल भिरकावला की तो दांड्यावरून जायच्या ऐवजी बोर्डावर आदळला आणि उलटा फिरला. श्रीरंगनं उडी मारली. बावन्नाव्या वर्षी माणूस जेवढी मारतो तेवढी. तो शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या झुडपात जाऊन पडला आणि दोन्ही हात वर करून तिथूनच ओरडला. बॉल त्याच्या हातात होता.

“झेलला! झेलता येतो, काका!”

“हा पुरावा ग्राह्य नाही!” काका तावातावानं झुडपाकडे गेले. “बोर्डाला लागलाय! कॉलेजच्या मैदानात बोर्ड असतो का?”

“पण झेलला ना?”

“आणि मी तुला हातच लावला नाही! इंटरफिअरन्स कुठाय? पुन्हा करा!”

वरची खिडकी उघडली. केस विस्कटलेला अनय खाली बघत होता. झुडपात बाप, बोर्डावर मॉप आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकणारी आई.

“व्हॉट आर यू गाइज डूइंग?”

“काही नाही रे,” मंजुषा म्हणाली. “तू झोप.”

पण पोरगा उठला होता. तो खाली आला तेव्हा बाकीचे दोघं आत जाऊन पुन्हा लॅपटॉपवर बसले होते. काकांनी ठरवलं होतं की चौदा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन करायचं, अनयच्या फोनवर पाठवायचं आणि त्यानं ते कोचला दाखवायचं. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य: बॉल अनकॅचेबल होता. श्रीरंग विरोध करत करत आलेख काढून देत होता. अनयला त्यांनी नुसतं “ये, बस” म्हटलं आणि पुन्हा इंचांवर भांडायला लागले. तो बसला नाही. तो स्वयंपाकघरात आला.

मंजुषानं मटकीची उसळ गरम केली, पोळ्या वाढल्या. पोर खाली मान घालून जेवत होतं. चौथ्या पोळीपर्यंत तिनं धीर धरला. मग ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “पाय लागला ना रे?”

अनयनं वर बघितलं. “तुला दिसलं?”

“मला नाही दिसणार?”

“बाबांना?”

“त्यांना फक्त इंच दिसतात.”

तो हसला, शनिवारनंतर पहिल्यांदा. आणि मग त्याचा चेहरा पडला. “आय डिडन्ट ईव्हन थिंक, आई. पाय लागला आणि हात आपोआप गेला. लाइक, मला थांबवताच आलं नाही.”

“माझ्यामुळे झालं,” मंजुषा म्हणाली. “मीच तुझ्या मागे लागायचे. इतकी कशाला लागले देव जाणे. चार वर्षं वाट बघितलीस आणि माझ्या एका सवयीनं...”

“आई, इट्स ओके.”

“ओके कसं? बरं, ऐक. काका म्हणतात बॉल अनकॅचेबल होता. सात इंच वरून गेला. म्हणजे त्यात तुझा काही दोषच नाही. उद्या कोचनं विचारलं की तेवढंच सांग.”

अनयनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. “आई, तो झेलू शकला असता.”

“तुला काय माहीत?”

“मी तिथे होतो.”

बाहेरच्या खोलीत काका कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल तावातावानं बोलत होते.

“त्यानं उडीसाठी गुडघे वाकवले होते,” अनय म्हणाला. “ही हॅड इट. पण मी कोपराला हात लावला आणि मग छातीला, तर त्यानं बॉल सोडून माझ्याकडे बघितलं. लाइक, हा काय करतोय? उडीच मारली नाही त्यानं. म्हणून बॉल वरून गेला. व्हिडिओत ते कळत नाही, कारण त्याची पाठ आहे कॅमेऱ्याकडे. रेफरी बरोबर होता, आई.”

तिला वाटलं, झालं, आता संपलं. मग ती जे बोलली ते कोणत्याही आईनं बोलू नये, आणि आपण बोलतोय ते तिला बोलतानाच कळत होतं. “हे तू कोणाला सांगितलंस का?”

“नाही.”

“मग सांगू नकोस. व्हिडिओत कळत नाही ना? मग कोणाला कळणार आहे? काकांच्या स्लाइड्स दाखव, अनकॅचेबल होता म्हण आणि गप्प बस. एक शनिवार खेळ. त्यानंतर आयुष्यभर खरं बोल.”

हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्यानं उसळ संपवली, ताट धुतलं आणि धुतलेल्या कपड्यांची बास्केट गाडीत ठेवली. जाताना काकांना वाकून नमस्कार केला. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की स्लाइड नंबर नऊवर थोडा थांब, तिथे आलेख आहे. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मंजुषा दारात थंडीत उभी राहिली. आपण मुलाला काय शिकवून पाठवलं या विचारानं तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरीही तो ऐकू दे, असंच तिला वाटत होतं.

सोमवारी ती ऑफिसमधून तीनलाच निघाली. सीटबेल्टच्या चाचणीचे आकडे तिनं दोनदा चुकीच्या रकान्यात भरले होते. तिसऱ्यांदा चुकण्यापेक्षा घरी गेलेलं बरं. घरी बघते तर चंदूकाका हजर. पंधरावी स्लाइड सुचली म्हणून आले होते आणि घरून काम करणारा श्रीरंग सगळी कामं बाजूला ठेवून त्यांच्याशी भांडत होता. रेखाकाकूंचा दोनदा फोन येऊन गेला होता की माझा नवरा परत पाठवा.

पाचला पाच कमी असताना मंजुषाचा फोन वाजला. ती उठून जिन्याकडे गेली.

“आई? यादी लागली.”

“मग?”

“थांब, सगळं सांगतो. कोचनं तो प्ले लावला. चार वेळा. मग म्हणाला, हा हात काय करतोय?”

“मग तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, माझा पाय लागला, सर. मी सॉरी म्हणत होतो.”

“असंच?”

“असंच. सगळे इतके हसले, आई. एकजण खुर्चीवरून पडला. कोच हसला नाही. तो म्हणाला, बॉल कॅचेबल होता का? मी म्हणालो, येस सर. माझ्यामुळे त्यानं उडी नाही मारली.”

मंजुषानं डोळे मिटले. जिन्याचा कठडा तिनं घट्ट धरला होता. “स्लाइड्स?”

“नाही दाखवल्या. काकांना नको सांगूस.”

“आणि मग?”

“मग कोचनं पुन्हा लावला प्ले, हळू. आणि सगळ्यांना म्हणाला, याचे पाय बघा. तो गडी याच्यापेक्षा फास्ट आहे. या येड्यानं त्याच्या पायावर पाय दिला, त्याच्या कोपराला हात लावला, स्वतःच्या छातीला लावला, एवढं सगळं केलं आणि तरी अर्धं पाऊल पुढे आहे. नमस्कार केला नाही तर हा किती पळेल? म्हणजे तो नमस्कार नाही म्हणाला, अपॉलजी म्हणाला. आय ॲम स्टार्टिंग, आई. शनिवारी. माझं नाव आहे.”

मंजुषाला वाटलं आपण ओरडलो, पण आवाज काही आला नाही.

“आणि त्यानं विचारलं हे तुला शिकवलं कोणी. मी म्हणालो, माय मॉम. तर म्हणाला, तिला माझ्याकडून विचार, शनिवारी तुला तीन तास सुट्टी देते का. शिट्टी वाजली की मग हव्या तितक्या माफ्या माग.”

“दिली,” मंजुषा म्हणाली. “दिली सुट्टी. पण शिट्टीनंतर माग, बरं का. त्या मुलाची राहिलीच आहे.”

“हो गं.”

पलीकडे पोरांचा गोंगाट ऐकू येत होता, कोणीतरी त्याच्या नावानं हाक मारत होतं. त्याला जायचं होतं, पण तिला हे आत्ताच बोलायला हवं होतं. नंतर धीर झाला नसता.

“अनय, मी काल तुला खोटं बोलायला सांगितलं रे.”

“हो.”

“मला फार लाज वाटतेय. मी तुझी आई आहे आणि मी तुला...”

“अगं आई,” अनय म्हणाला, आणि तो हसतोय हे तिला फोनवरही कळलं, “पण मी तुझं कधी ऐकतो का?”

बावीस वर्षं तिनं सगळ्या जगाला हेच सांगितलं होतं की हा माझं ऐकत नाही. डॉक्टरांना, शिक्षकांना, फोनवर आपल्या आईला. ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि तिनं ते थांबवलं नाही.

आतून चंदूकाका विचारत होते, “काय झालं? स्लाइड नंबर नऊ बघितली का त्यानं?” श्रीरंग टेबलावरून उठून धावत आला आणि घाबरून तिच्यापाशी बसला.

“झेलता येत होता,” मंजुषा पदर नसल्यामुळे बाहीनंच डोळे पुसत म्हणाली.

“बघा! मी सांगत होतो!” श्रीरंग म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. “पण तुला कसं कळलं?”

“मी त्याला विचारलं,” ती म्हणाली. “तुम्ही दोघांनी दोन दिवसांत विचारलंत का?”

काका पंधराव्या स्लाइडकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी हळूच लॅपटॉप मिटला.